मिठाची बरणी गरम लागली तेव्हा

काकूंनी उभ्या आयुष्यात भांड्यात कोरडं मीठ टाकलं नाही. आधी पाण्यात विरघळवायचं, मग ते पाणी पळीनं घालायचं, ही त्यांची रीत. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागल्या त्याच दिवशी त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यात लिटरभर पाणी मावेल अशी रुंद तोंडाची काचेची बरणी आणून ठेवली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. रोज सकाळी बरणी नळाच्या पाण्यानं भरायची, दहा चमचे मीठ टाकायचं, ढवळायचं, आणि आतलं पाणी नितळ झालं की सहा माणसांमागे एक पळी. आश्रमात माणसं छत्तीस, पळ्या सहा. त्यात कधी फरक नाही.

"आमच्या काकू मिठालासुद्धा आंघोळ घालून घेतात," असं त्यांच्या हाताखालची बाई येईल-जाईल त्याला सांगायची. ही बाई भाजी झरझर चिरायची आणि बोलायचीही तशीच, म्हणून तिला सगळे सुरी म्हणत.

"घालते," काकू म्हणायच्या. "तुझ्यापेक्षा मीठ बरं. ते निदान गप बसून आंघोळ करतं."

ही रीत त्यांच्या आईची. काकूंच्या लहानपणी घरी मीठ गोणीतून यायचं, आणि त्याच्यासोबत वाळू, काड्या, एखादा सुतळीचा तुकडा असे बिनबोलावलेले पाहुणेही यायचे. आई ते सगळं एका मडक्यात भिजत घालायची. मीठ पाण्यात उतरायचं, वाळू तळ गाठायची, काडी वर तरंगायची, आणि मधलं स्वच्छ पाणी तेवढं स्वयंपाकाला. पुढे पिशवीतलं निवडलेलं मीठ आलं, वाळू गेली, पण हाताला लागलेली सवय गेली नाही. काकू शाळेत दोन वर्षंच गेल्या. अक्षरं ओळखायच्या, पण एकेक करून, अनोळखी माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळावं तशी. पाण्यात पडलेली वस्तू मात्र त्यांना लांबून ओळखू यायची.

साखर लाघवी. गरम पाणी दिसलं की हिनं जीव टाकलाच. भांडं उजेडात धरलं तर विरघळताना तिचे वळवळते धागे दिसतात, आणि कितीही घाला, पाणी तिला पोटात घेतच राहतं. मीठ मानी. पाणी गार असो की गरम, ते आपल्याच चालीनं उतरणार, आणि एकदा पाण्याचं पोट भरलं की वरून टाकलेला एक खडाही आत जायचा नाही. तळाशी बसून राहील रुसल्यासारखा. पीठ म्हणजे नुसता कांगावा. सगळं पाणी गढूळ करून सोडतं, आपण विरघळलो असं भासवतं, आणि पाचदहा मिनिटं कोणी लक्ष दिलं नाही की गुपचूप खाली जाऊन बसतं. तेलाचं तर विचारूच नका. ते सगळ्यांच्या वर राहणार. अशी माणसंही काकूंनी पुष्कळ पाहिली होती.

हे सगळं असलं तरी काकूंचं नाव झालं ते त्यांच्या जिभेमुळे. तळहातावर थेंबभर सूप घेऊन जिभेला लावलं की सांगायच्या, "पाव पळी कमी आहे," आणि खरंच पाव पळी कमी असायचं. आश्रमात नियमच होता. रांधणाऱ्यानं प्रत्येक पातेल्याची चव स्वतः पाहायची आणि दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं बरोबरची खूण करायची. खूण असल्याशिवाय जेवणाची घंटा वाजायची नाही. म्हाताऱ्या माणसांची पोटं नाजूक, कोणाला काय बाधेल सांगता येत नाही, म्हणून संस्थेच्या मोठ्या बाईंनी हा नियम घातला होता. अकरा वर्षं ती खूण काकूंची होती, आणि ती त्यांना दागिन्यासारखी वाटायची.

तीन महिन्यांपूर्वी काकूंना ताप आला. साधा सर्दीचा ताप, चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चहा केला, घोट घेतला आणि त्यांना वाटलं, साखर विसरली. दोन चमचे घातली. तरी काही नाही. आणखी दोन घातली. तेवढ्यात त्यांची लेक आली, तिनं तोच कप उचलून तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हा चहा आहे की पाक?"

"तापातून उठलंय माणूस," काकू म्हणाल्या. "जरा गोड खाऊ दे की."

पण तोंडचं पाणी पळालं होतं ते त्यांनाच ठाऊक. चहा, मीठ, लिंबू, मिरी, एकामागून एक सगळं जिभेवर ठेवून पाहिलं. मिरीनं डोळ्यांत पाणी आणलं, चव कसलीच आली नाही. वासही गेला होता. डॉक्टरांकडे गेल्या तर ते म्हणाले, "येईल परत. महिन्यानं येईल, सहा महिन्यांनी येईल. कधीकधी नाहीही येत." हे ऐकायला काकूंनी दोन तास बाकावर बसून काढले होते.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वयंपाकिणीची जीभ गेली म्हणजे शिंप्याचे डोळे गेले. कोण ठेवून घेईल? केर-फरशीला लावतील फार तर, आणि त्या कामाला काकूंचे गुडघे नको म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्या आठव्या दिवशी कामावर गेल्या.

आणि गंमत अशी की काही अडलं नाही. मीठ पाण्यात मोजलेलं होतं, पळ्या ठरलेल्या होत्या, साखरही तशीच. जीभ नसली तरी बरणी होती. काकू पळ्या घालायच्या आणि सरळ जाऊन खूण करायच्या. पूर्वी चव आधी आणि खूण मग असायची. आता मधली पायरीच निघून गेली. जेवणाऱ्यांनी एकदाही पान परत पाठवलं नाही. पण खडू हातात घेतला की काकू फळ्याकडे नीट न बघताच रेघ ओढायच्या. फळ्यावरच्या त्या एवढ्याशा रेघेचा अर्थ होता, "मी चाखलंय." आणि त्यांनी चाखलेलं नव्हतं. प्रत्येक पातेल्यामागे एक खोटं, तेही सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहून. काकू घरी गेल्या की बोलायच्या कमी, जेवायच्याही कमी. सगळंच भिजलेल्या कागदासारखं लागतं तर जेवायचं कशासाठी?

ती गोष्ट घडली तो मंगळवार होता. सोमवारी काकूंची सुट्टी असायची, आणि सुरीनं नेमकी त्याच दिवशी, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, कोठी आवरायला काढली होती.

कोठीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक मोठी मोकळी खिडकी होती. तिला दारं नव्हती, आडवी फळी होती, आणि फळीवर रोजचे डबे. सामान कोठीच्या बाजूनं भरायचं, स्वयंपाकघराच्या बाजूनं काढायचं. मिठाचा डबा पोचे पडलेला, साखरेचा लाल झाकणाचा, त्यामुळे चूक व्हायचा प्रश्न नव्हता. पण कोणाच्या तरी मुलानं आश्रमाला तीन नवेकोरे स्टीलचे डबे दिले होते. तिन्ही एकसारखे, तोंड दिसेल असे लख्ख.

मंगळवारी काकू आल्या तर सुरी गाजरं सोलता सोलता म्हणाली, "फळी बघा काकू, कशी दिसतेय. डावीकडे मीठ, मध्ये साखर, उजवीकडे सोडा."

"कसला सोडा?"

"धुण्याचा. पातेली घासायचा."

"तो इथे कशाला आणलास? मोरीच्या कपाटात असतो तो."

"अहो, डबे तीन आले. दोनच भरले तर तिसरा कसा दिसेल? पोरका."

"दुपारी उचल तो तिथून," काकू म्हणाल्या. "डब्याची एवढी माया आली असेल तर घरी घेऊन जा."

आता सुरीचं सांगणं खोटं नव्हतं. तिनं डबे भरले, फळीवर लावले, ते कोठीत उभं राहून. तिच्या डावीकडे मीठच होतं. पण काकू उभ्या होत्या स्वयंपाकघरात, भिंतीच्या दुसऱ्या अंगाला. त्यांच्या डावीकडे जो डबा होता त्यात होता सोडा. साखर मध्ये, म्हणून ती दोन्हीकडून मध्येच. त्यामुळे सकाळचा चहा नीट झाला आणि कोणाला शंका आली नाही.

दुपारच्या जेवणाला गाजर-बटाट्याचं सूप होतं. गॅसची टाकी मध्येच संपली, दुसरी लावेपर्यंत अर्धा तास गेला, आणि काकू घाईला आल्या. एरवी त्या बरणी बाहेरच्या खिडकीशी नेऊन उजेडात ढवळायच्या. त्या दिवशी डाव्या डब्यातून दहा चमचे काढले, बरणीत टाकले, एका हातानं बरणी ढवळली, दुसऱ्या हातानं सूप. चष्म्यावर वाफ साचली होती. तळाशी काहीतरी टणक लागलं, पण पाहायला सवड कोणाला होती? वरचं पाणी सहा पळ्या मोजून सुपात घातलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि जाऊन खूण केली. घंटेला वीस मिनिटं होती.

परत येऊन त्यांनी बरणी जागेवर ठेवायला उचलली. आणि हात थांबला.

बरणी कोमट होती.

पाणी नळाचं घेतलेलं, गार. बरणी शेगडीपासून लांब. काकूंनी दुसरा हातही लावून पाहिला. मिठाची बरणी उलट किंचित गार लागते. मीठ उतरताना पाण्यातली ऊब थोडी ओढून घेतं, हे त्यांच्या तळव्यांना पन्नास वर्षं माहीत होतं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि बरणी उजेडात धरली. तळाशी दगडासारखा एक गोळा बसला होता. मीठ असा गोळा धरत नाही. बोट बुडवून अंगठ्यावर घासलं, तर साबण लावल्यासारखं निसटलं.

दुसरं कोणी असतं तर त्यानं सूप जरासं जिभेला लावून पाहिलं असतं, आणि गोष्ट तिथेच संपली असती. काकू पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जिभेला सूप काय नि सोडा काय, सारखंच.

पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. पातेलं सांडावं. हातातून निसटलं म्हणावं, म्हातारी झाले म्हणावं, चार शिव्या खाव्या आणि सुटावं. कोणी काही विचारणार नाही. त्यांनी पातेलं धरायचं फडकं हातात घेतलंही. मग त्यांची नजर फळीवर गेली. तीन डबे तसेच उभे. सूप सांडेल, डबे थोडेच सांडणार? आपण घरी गेलो की संध्याकाळी सुरी तिथूनच मीठ काढणार.

फडकं खाली ठेवलं, आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. ओट्याच्या टोकाला रोज एक लहान झाकणाचा वाडगा असतो. तो तिथे नव्हता.

तो वाडगा मास्तरांचा. मास्तरांचं हृदय नाजूक, त्यांना मीठ बंद, म्हणून मीठ पडायच्या आधी त्यांच्यापुरतं सूप वेगळं काढायचं. गोळी घ्यायची असते म्हणून ते सगळ्यांच्या आधी जेवायचे. वाडगा रोज सुरी भरायची, पण आज सुरी मागच्या दारी गॅसवाल्याशी भांडत होती. मग वाडगा नेला कोणी? आणि कधी? मीठ घालायच्या आधी की नंतर? काकूंनी आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना.

काकू धावल्या. धावल्या म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी जेवढं मनावर घेतलं तेवढ्या. लांबच लांब व्हरांडा, मास्तरांची खोली अगदी शेवटची. त्या दारात पोचल्या तेव्हा मास्तर खाटेवर बसले होते, गळ्याला रुमाल, मांडीवर ताट, आणि वाडगा अर्धा रिकामा.

"मास्तर," काकूंना दम लागला होता, "सूप कसं लागलं?"

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. आश्रमात आल्यापासून चार वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडायची नाही, ते आपणहून सांगायचे.

"कसं लागणार? रोज लागतं तसं. भिंत चाटल्यासारखं."

"कडू नाही लागलं? साबणासारखं? घशाला झोंबलं का?"

"झोंबायला त्यात काही असावं लागतं, काकू. अळणी ते अळणी. मी म्हटलं आज तुम्ही स्वतः आलात, तर पदराआड चिमूटभर मीठ आणलं असेल."

"खरं सांगताय ना? शप्पथ?"

"या वयात शपथा घालू नका. लागली तर पंचाईत व्हायची."

तेवढ्यात गोळी घेऊन नर्स आत आली. "वाडगा मीच नेला," ती म्हणाली. "सुरी दिसली नाही, म्हणून माझ्या हातानं काढून घेतला. तुम्ही फळीवरून डबा काढत होता, काकू. मी हाकही मारली, तुमचं लक्ष नव्हतं."

डबा काढत होत्या. म्हणजे बरणीत काही पडायच्या आधी. काकूंचा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरात की त्या मास्तरांच्या पायथ्याशी खाटेवर बसल्याच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडताय कशाला?" मास्तर कावरेबावरे झाले. "मी काय नवीन बोललो? रोजच म्हणतो की."

"म्हणा," काकू म्हणाल्या. "असंच म्हणत राहा."

तिथून उठल्या त्या सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. "घंटा थांबवा," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आल्या. मोठ्या बाईंना कोणी हाताला धरून नेत नसे, त्यामुळे त्या काही न बोलता आल्या. सुरी परत आली होती आणि उघड्या बरणीकडे बघत होती.

"सुपात मिठाऐवजी सोडा पडलाय, असं मला वाटतं," काकू म्हणाल्या. "कोणी खाल्लेलं नाही. मास्तरांचं आधी काढलं होतं, मी बघून आले."

"वाटतं म्हणजे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दाखवते."

काकूंनी तीन पेले मांडले, प्रत्येकात अर्धा पेला गार पाणी. डाव्या डब्यातला चमचा पहिल्या पेल्यात. खाली गेला तो गोळा होऊनच. "आणखी दोन घालते. आता पेला धरा." मोठ्या बाईंनी धरला. "कोमट झाला," त्या म्हणाल्या. काकूंनी त्यात लिंबू पिळलं, तर पेला फसफसून वर आला. सुरीनं तोंडावर हात ठेवला.

मग मधला डबा आणि उजवा. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात गेले, दोन्हींचं पाणी नितळ. काकू दोन्ही पेल्यांत एकेक चमचा टाकत राहिल्या, ढवळत राहिल्या. तिसरा, चौथा, पाचवा. आठव्या चमच्याला उजव्या पेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला, तो काही केल्या हलेना. मधला पेला मात्र चमच्यामागून चमचा गिळत होता.

"जे थांबलं ते मीठ," काकू म्हणाल्या, "आणि जिचं पोट भरत नाही ती साखर."

मोठ्या बाई सगळं नीट पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, पहिल्या पेल्याचं समजू शकते. पण मीठ आणि साखर ओळखायला एवढा खटाटोप? कणभर जिभेवर ठेवायचा की."

कधी ना कधी हे विचारलं जाणारच होतं. तीन महिने काकू याच प्रश्नाला चुकवत होत्या, आणि आता त्याच्यासमोर आल्यावर त्यांना वाटलं, चला, आला एकदाचा.

"जीभ गेलीय माझी," त्या म्हणाल्या. "तापानंतर. वासही येत नाही."

मोठ्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं. "आजची खूण?"

"मीच केली."

"चाखलं होतंत?"

"नाही."

"काल सुट्टी. परवा?"

"नाही. तीन महिने नाही."

 मग सुरी बोलली. गप राहणं तिला जमण्यातलं नव्हतंच.

"तरीच," ती म्हणाली. "मी तीन वेळा दूध करपवलं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही सुधारलात."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तीन वेळा?"

"चार."

मोठ्या बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी त्या आवरल्या. "काकू, ह्या खुणेसाठी तुम्हाला आज घरी पाठवायला हवं," त्या म्हणाल्या. "मी तो नियम गंमत म्हणून केला नाही."

"माहीत आहे."

"तुम्ही पातेलं सांडलं असतंत तर मला कधी कळलंही नसतं."

"मनात आलं होतं," काकू म्हणाल्या. खोटं बोलायला आता अंगात त्राण नव्हतं.

"मग?"

"डबे तसेच राहिले असते ना. संध्याकाळी हिनं घातला असता, आणि ही तर मीठ बघत नाही, ओतते. मी निदान घरी बसून रडले असते. ही म्हातारी माणसं काय करणार?"

मोठ्या बाई ओट्याला टेकल्या. त्यांनी पेल्यांकडे पाहिलं. उजव्या पेल्यातलं मीठ तसंच तळाशी बसलं होतं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "चव उद्यापासून सुरी बघेल आणि खूणही तीच करेल. उद्यापासून कशाला, आत्तापासून. रांधणार तुम्हीच. आणि मीठ ह्या स्वयंपाकघरात कोणीही घातलं तरी पाण्यातूनच जाईल, तुमच्या हिशेबानं. कोरडं टाकलं असतं तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं. बरणी गरम झाली म्हणून कळलं. परत काही गेलं, डोळे, कान, काहीही, तर मला पहिल्या दिवशी सांगायचं. तीन महिन्यांनी नाही."

"सांगेन."

"आणि हा सोडा कोणाच्या डोक्यातून निघाला?"

"डबा पोरका दिसत होता," काकू म्हणाल्या, सुरी काही बोलायच्या आत. "मी दुपारपर्यंत राहू दिला. चूक दोघींची."

सूप मोरीत गेलं. सोड्याचा डबा मोरीच्या कपाटात गेला आणि रिकामा होऊन परत आला, तो मोठ्या बाईंनी आपल्या टेबलावर बिस्किटांसाठी ठेवून घेतला. जेवण पाऊण तास उशिरा झालं. उकडलेली अंडी, लोणी घालून कुस्करलेले बटाटे आणि ब्रेड. त्या दिवशी आश्रमात सूप मिळालं ते फक्त मास्तरांना, आणि सूप आवडणाऱ्यांनी ते त्यांना आठवडाभर ऐकवलं.

बटाट्यांची चव सुरीनं पाहिली. तळहातावर घेतली, डोळे मिटले, मान हलवली. तिचा थाट बघून काकूंना वाटलं, ही आता घंटा वाजवायला घेते की काय.

"बरं आहे," सुरी म्हणाली.

"बरं म्हणजे? बरं हे काय उत्तर झालं? कमी आहे की जास्त?"

"जरा... कमी."

"पाव पळी की अर्धी?"

सुरीनं पुन्हा चाखलं, या वेळी नाटक न करता. "पाव," ती म्हणाली. काकूंनी नवीन भरलेल्या बरणीतून पाव पळी पाणी घातलं, ढवळलं. सुरीनं तिसऱ्यांदा चाखलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "आता बरोबर. आता अगदी बरोबर आहे, काकू."

मग काकूंना भूक लागली. कितीतरी दिवसांनी. त्यांनी बटाट्याचा मोठा गोळा ताटात घेतला, सुरीच्या शेजारी बसल्या आणि सगळा संपवला. चव नव्हती ती नव्हतीच. पण मऊ होतं, गरम होतं, आणि घशाखाली उतरताना कुठे अडलं नाही.

संध्याकाळी घरी लेकीला सगळं सांगितलं. लेक सरकारी कचेरीत कामाला, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेली. आईचं बोलणं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. आईच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिचा हात मध्येच थांबला.

"म्हणजे आई, तीन महिने मी रोज विचारत होते, भाजी कशी झालीय. आणि तू रोज 'छान' म्हणत होतीस."

"असेलही छान."

"मी त्या भरवशावर ऑफिसात चार जणींना डबा खिलवला."

"मग? काय म्हणाल्या?"

"छान म्हणाल्या."

"बघ," काकू म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसात पण ताप आलेला दिसतो."

लेक रागावायचं ठरवून उठली होती, पण हसायलाच लागली. भाजीच्या भांड्याचं झाकण काढून तिनं चमचाभर तोंडात घातली आणि थोडा वेळ नुसती चघळत राहिली.

"खारट झालीय," ती म्हणाली. "चांगलीच खारट. रोजच होत असणार, मी घाईत कधी नीट चाखलंच नाही."

"पडलेलं मीठ पाण्यातून परत निघत नाही," काकू म्हणाल्या. "पाणी वाढव. दोन बटाटे सोल, मोठे घे. आणि शिजले की मला नको विचारू. तूच खा आणि तूच सांग."

लेकीनं टोपलीतून बटाटे घेतले. काकू खुर्चीत मागे टेकल्या आणि आतून येणारा पाण्याचा, सोलण्याचा आवाज ऐकत बसल्या. बटाटे शिजायच्या आधीच त्यांना झोप लागली.